कुंभकोणमला पडलेलं स्वप्न

मार्गळी महिन्यात तंजावरच्या गल्ल्यांतून सकाळी चालायला लागलं की पाय कुठे टाकावा हा प्रश्न पडतो. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचा हा महिना. बायका अंधारातच उठून दारात सडा घालतात आणि निम्मा रस्ता व्यापेल एवढं कोलम काढतात. मधोमध शेणाचा लहानसा गोळा आणि त्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. आपली ठिपक्यांची रांगोळी ठिपके जोडत जाते. इथली रेघ बहुतेक वेळा ठिपक्याला शिवतसुद्धा नाही, त्याला वळसा घालून पुढे जाते आणि फिरफिरून जिथून निघाली तिथेच येऊन मिळते. ताई एका दारासमोर थबकली. "सुंदर!" म्हणाली, मराठीतच. त्या बाईने वर न बघता पिठाची चिमूट सोडत रेघ पुरी केली आणि मग मान डावी-उजवीकडे डोलवली. ती 'हो' म्हणाली, 'नाही' म्हणाली की 'असू दे' म्हणाली, ते आम्हाला कळलं नाही. देवळाबाहेरच्या दुकानांत मातीच्या नि कागदाच्या लगद्याच्या, मान डोलवणाऱ्या बाहुल्या मांडलेल्या दिसल्या, तेव्हा ताईला हसू आवरेना. "अगं, ही तर सकाळचीच बाई!"

आम्ही दोघी बहिणीच निघालो होतो. त्याआधीचे काही महिने साताऱ्याचं माहेरचं घर रिकामं करण्यात गेले होते. पलंग, कपाटं, गाद्या सहज गेल्या. अडलं ते भांड्यांपाशी. आमच्या आईच्या पिढीतलं एकही भांडं मुकं नाही. प्रत्येकावर कोणी दिलं, कशाप्रीत्यर्थ दिलं, कोणत्या तारखेला, हे सगळं ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत कोरलेलं. ती वाचत वाचत आम्ही दोन ढीग केले. शेवटी उरलं तांब्याचं घंगाळ. "तूच घे," मी म्हणाले. "छे, तूच घे," ताई म्हणाली. असं तीनचारदा झालं आणि घंगाळ कुलूपबंद घरात तसंच राहिलं. त्यानंतर त्याचं नाव दोघींनीही काढलं नाही. ताईच एके दिवशी फोनवर म्हणाली, "कुठेतरी लांब जाऊन येऊ या गं."

बृहदीश्वराचं देऊळ पहिल्या राजराज चोळाने बांधलं, ते 1010 साली पुरं झालं. विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, साठ मीटरहून उंच. मान दुखेपर्यंत वर पाहिलं, मग सावलीत बसून पुन्हा पाहिलं. नंदी पाहिला. मी वही काढून टिपणंही केली. पण ताईचा जीव रमला तो प्राकाराच्या नैर्ऋत्येकडच्या भिंतीपाशी. दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 साली तिथे भोसले घराण्याचा इतिहास मराठीत, देवनागरीत कोरवून घेतलाय. नजर जाईल तिथपर्यंत ओळीच ओळी. जवळच एक तमिळ कुटुंब केळीच्या पानात बांधून आणलेला चिंचेचा भात खात बसलं होतं. त्यांतल्या आजोबांनी ताईला बोट लावून वाचताना पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, "तुम्हाला हे वाचता येतं?" ताईने एक ओळ अडखळत वाचून दाखवली. सगळं कुटुंब खाणं थांबवून ऐकत होतं. जन्मभर जिथे सहलीला येतो त्या भिंतीला आवाज आहे, हे त्यांना नवीन होतं. आणि आपली भाषा इतकी दक्षिणेला, इतक्या मोठ्या दगडावर सापडते, हे ताईला.

बाहेर फुलवाल्या. आपल्याकडे गजरा नगावर मिळतो, इथे तो हातावर मोजतात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक मुळम. आमच्या फुलवालीने अबोलीची माळ कोपराशी धरली, ताणून बोटाच्या टोकाशी आणली, दोरा नखाने तोडला आणि वर बोटभर माळ जास्त सोडली. लगेच शेजारणीकडे पाहून ताई पुटपुटली, "हिचा हात लांब आहे. तिच्याकडून घ्यायला हवा होता." एकाच पैशात कुणाचा मुळम मोठा, कुणाचा लहान. गिऱ्हाइकं त्यावरून भांडताना दिसली नाहीत. ज्या बाईशी जमतं, तिच्या हाताचं माप तेच आपलं माप.

दुपारी राजवाड्यात, सरस्वती महाल ग्रंथालयात. ताडपत्रं, कागदी पोथ्या, मोडीची दप्तरं. ही सगळी संपत्ती बंद दाराआड, पाहुण्यांसाठी एक लहानसं संग्रहालय. तिथे फ्रेंच चित्रकार शार्ल ल ब्रँ याची चित्रं लावलीत. माणसाचा चेहरा आणि जनावराचा चेहरा शेजारीशेजारी, आणि माणसाचे नाक-डोळे हळूच त्या जनावराकडे झुकलेले. सरफोजींना या असल्या गोष्टींचा भारी सोस. जर्मन मिशनरी श्वार्ट्झच्या हाताखाली शिकलेला हा मराठी राजा युरोपातून पुस्तकं मागवायचा, डोळ्यांच्या रोग्यांची टिपणं ठेवायचा, मुदपाकखान्यातल्या कृतीसुद्धा लिहवून घ्यायचा. ताई एका घुबडमुख्या माणसापुढे उभी राहिली. "हे आपले अमुककाका," म्हणाली. खरंच होते.

ओळखीच्या ओळखीने आम्हाला एका तंजावरी मराठी घरी जेवायचं बोलावणं होतं. या लोकांची मराठी ऐकताना गंमत वाटते. शब्द आपले, काही तर आपण विसरलेले, पण सूर तमिळ, वाक्य शेवटी वर उचललेलं. घरातल्या आजींनी केळीच्या पानावर पहिल्यांदा वाढलं ते डांगर. भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवून, वर फोडणी. आमची आई ताक-कांदा घालून करायची तेच. बाकीचं पान दक्षिणेचं, एका कोपऱ्यात सातारा.

जेवताना आजोबा व्यंकोजीराजांबद्दल बोलले, आणि आम्ही दोघी घास हातात धरून ऐकत राहिलो. आपल्या शाळेत ही गोष्ट शिवाजीमहाराजांच्या बाजूने असते. 1677 साली महाराज कर्नाटकच्या मोहिमेवर आले, शहाजीराजांच्या दौलतीत निम्मा वाटा सावत्र भावाकडे मागितला. कोळ्ळिडम नदीकाठी तिरुमलवाडीला भेट झाली. काही दिवस पाहुणचार झाला आणि एका रात्री व्यंकोजीराजे न सांगता निघून आपल्या मुलखात परतले. आमच्या पुस्तकात हे पळून जाणं होतं. आजोबा शांतपणे म्हणाले, "थोरला भाऊ फौज घेऊन वाटणी मागायला आला, तर धाकट्याने काय करावं?" पुढे लढाई झाली, मग समेट झाला. तंजावर धाकट्याकडे राहिलं. समेट घडवण्यात व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाईंचा मोठा वाटा होता, आणि महाराजांनी बंगळूर वगैरे महाल त्यांना चोळी-बांगडीसाठी म्हणून देऊन टाकले. "हक्क म्हणून मागितलं ते भेट म्हणून दिलं," आजोबा म्हणाले. "मग भांडण कशाचं उरतं?"

आजी एवढ्यात तिसऱ्यांदा भात घेऊन आल्या. "नको, नको," म्हणत ताईने पानावर वाकून दोन्ही हात आडवे धरले आणि आजींनी बोटांच्या फटीतून भात सोडलाच. एवढ्या शतकांत ही एक गोष्ट अस्सल मराठी राहिली आहे.

तंजावरहून कुंभकोणमची बस म्हणजे कावेरीच्या फाट्यांवरून उड्या मारत जाणं. पूल येतो, पाणी दिसतं, भाताची हिरवी-पिवळी खाचरं, केळीची बाग, की पुन्हा पूल. प्रत्येक पाण्याचं नाव वेगळं, वेट्टार, कुडमुरुट्टी, अरसलार. सगळ्या कावेरीच्याच लेकी. आपल्याकडे कंडक्टर घंटीची दोरी ओढतो. इथला तोंडात शिट्टी धरून असतो. एक फुंक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, आणि गर्दीतून पैसे घेता घेता, तिकिटं देता देता, ओठांच्या कोपऱ्यातली शिट्टी पडत नाही. टीव्हीवर चित्रपटातली गाणी छप्पर उडवत होती. पुढे बसलेल्या बाईने अनोळखी ताईच्या केसांत अबोली नीट खोचून दिली, विचारलंबिचारलं नाही, आणि पुन्हा समोर बघू लागली.

वाटेत दारासुरमला उतरलो. दुसऱ्या राजराजाचं बाराव्या शतकातलं ऐरावतेश्वराचं देऊळ. तंजावरएवढं उंच नाही, पण दगडात इतकी बारीक नक्षी की जवळ जाऊन चष्मा पुसावा लागतो. मंडप रथाच्या आकाराचा, चाकं आणि धावणारे घोडे. तिथल्या राखणदाराने आम्हाला एका लहानशा शिल्पापाशी नेलं. एक हत्ती आणि एक बैल समोरासमोर, पण दोघांत डोकं एकच. त्याने बैलाचं अंग तळव्याने झाकलं, राहिला हत्ती, सोंड वर केलेला. हत्तीचं अंग झाकलं, राहिला बैल, आणि मघाचंच डोकं आता त्याचं झालेलं. ताईने स्वतःच्या हाताने झाकून पाहिलं, मग मी. त्या दगडावर आमच्यासारख्या हजारोंचे हात फिरून गुळगुळीतपणा आलाय.

कुंभकोणमला संध्याकाळी कॉफी. पितळी पेला, खाली पितळीच खोलगट वाटी. पेल्याला बोट लावता येत नाही इतकी गरम. मग ती पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात, हात वर नेत ओतायची. बाजूच्या बाकावरचे गृहस्थ पेपरातून डोळे न काढता हातभर उंचीवरून धार धरत होते, थेंब सांडत नव्हता. माझा निम्मा पेला टेबलाने प्यायला. रात्री खानावळीत केळीच्या पानावर सांबार, मग वत्तकुळंबू, मग सार, मग ताक, असा क्रम. पायसम आलं तेव्हा ताईने सवयीने हात आडवा धरला, "नको." वाढप्या पुढच्या पानावर गेला. ताई बघतच राहिली. "परत विचारलंच नाही त्याने!" तिला पायसम हवं होतं, अर्थात. इथे पानावरचा आडवा हात हे शेवटचं उत्तर. आपल्याकडे ती बोलण्याची सुरुवात असते.

त्या रात्री स्वप्न पडलं.

मी एका लांबच लांब भिंतीपाशी उभी आहे. भिंतीवर देवनागरी अक्षरं, पण भोसल्यांचा इतिहास नाही. आमच्या भांड्यांची यादी आहे. स्टीलचा डबा, झाकणासह, मुंजीप्रीत्यर्थ. पातेलं, मोठं, बारसं. पायथ्याशी फुलवाली. ती अक्षरं खुडून दोऱ्यात ओवतेय आणि कोपरापासून मोजतेय, एक मुळम ताईला, एक मला. माझा आखूड भरतो. मी तक्रार करायला खिडकीपाशी जाते, तर आत कंडक्टर. एका बाजूने पाहिलं तर हत्तीचं तोंड, दुसऱ्या बाजूने बैलाचं. तो दोन पितळी वाट्यांत कॉफी सारखी करतोय, हात वर वर नेत, आणि दर वेळी एकीत थोडी जास्तच पडते. "नाव?" तो विचारतो. माहेरचं सांगावं की सासरचं ते मला सुचत नाही. मी मान हलवते, आणि ती मग थांबतच नाही. कंडक्टर दोनदा शिट्टी फुंकतो. भिंत चालू लागते. ताई आत बसलीय, मी बाहेर.

जागी झाले तेव्हा खालच्या देवळातून ध्वनिवर्धकावर तिरुप्पावै चालू होतं आणि ताई आंघोळ करून तयार होती. मी सगळं सांगितलं. "मनी वसे ते स्वप्नी दिसे," ती केस पुसत म्हणाली आणि विषय संपवला. मी संपवू दिला नाही. माझ्या मनात काय वसत होतं? वहीत तर विमानाची उंची होती, नंदी होता, चोळांची वंशावळ होती. त्यांतलं स्वप्नात काहीही आलं नाही. आली फुलवाली, जिच्यापाशी आम्ही पाच मिनिटं उभ्या होतो. आली शिट्टी आणि सांडलेली कॉफी.

फ्रॉइडने 1900 सालच्या स्वप्नांवरच्या ग्रंथात हेच मांडलं होतं, की स्वप्न आदल्या दिवसाचं उरलंसुरलं उचलतं, तेही बहुतेक वेळा बिनमहत्त्वाचं, आणि त्याच्या आडून जुनं काही बोलून घेतं. त्याच्या किती तरी आधी बृहदारण्यकात याज्ञवल्क्य जनकाला सांगतो, की स्वप्न बघणारा या जगातलंच सामान काढून नेतो, ते स्वतःच मोडतो, आणि त्यातून रथ, रस्ते, तळी स्वतःच उभी करतो. सामान आणलेलं, बांधणारा आपण.

"आणि घंगाळ?" ताईने अचानक विचारलं.

"ते नव्हतं स्वप्नात."

"सगळी भांडी होती ना?"

"घंगाळ नव्हतं."

ताई काही बोलली नाही. टॉवेल वाळत घालायला गेली आणि बराच वेळ घालत राहिली.

सारंगपाणी देवळासमोरच्या रस्त्यावर श्रीनिवास रामानुजन यांचं घर आहे. पुढे ओटा, खाली उतरतं कौलारू छप्पर, आत अरुंद खोल्या. खिडकीशी एक लाकडी पलंग. या पलंगावर बसून एक गरीब कारकुनाचा मुलगा पाटीवर गणितं करायचा. कागद महाग, म्हणून पाटीवर मांडायचं आणि कोपराने पुसायचं. कॉलेजात बाकीच्या विषयांत नापास झाला, शिष्यवृत्ती गेली, तरी पाटी सुटली नाही. सूत्रं आपल्याला नामक्कलची नामगिरी देवी देते, असं तो म्हणायचा. त्याने सांगितलेलं एक स्वप्न प्रसिद्ध आहे. वाहत्या रक्ताचा जणू पडदा झालाय, एक हात येतो आणि त्यावर गणितातली सूत्रं लिहू लागतो. जाग आल्यावर त्याने ती उतरवून घेतली.

ताईने हात जोडले. मला मात्र कोपर दिसत राहिलं. कालच्या स्वप्नातलं फुलवालीचं कोपर रामानुजनच्या पाटीवरून तर आलं नसेल? शाळेत असताना ही गोष्ट वाचली होतीच. आज हे घर पाहिलंय, म्हणून आता दुवा जुळतो. काल पाहिलं असतं तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं, की स्वप्न इथूनच निघालं. सकाळी उठून स्वप्नाचे धागे शोधताना आपण थोडे नवे धागे विणतोच. तरी एक गोष्ट पक्की वाटते. देवीचा हात ज्याच्यासाठी लिहीत होता, तो दिवसभर तेच लिहीत होता. तो कुंभार असता तर त्याच पडद्यावर मडकी आली असती. आणि मला पडद्यावर यादी दिसली, कारण कित्येक महिने मी याद्याच करत होते. तंजावरने मला नवं दुखणं दिलं नाही. मला बोलायला लागणारं सामान तेवढं दिलं, फूल, शिट्टी, पितळ, दोन अंगांचं एक डोकं. वाटणीचं भांडण घरूनच आणलं होतं.

म्हणजे ताईची म्हण बरोबर होती आणि मीही चूक नव्हते. मनात वसतं तेच दिसतं, पण ते कोणत्या कपड्यांत दिसेल हे रस्ता ठरवतो. साताऱ्यात हेच स्वप्न पडलं असतं तर तहसील कचेरी आली असती, रांग आली असती, आणि मी कूस बदलून झोपले असते. इथे त्याला हत्तीचं तोंड मिळालं म्हणून ते सांगावंसं वाटलं. सांगितलं म्हणून ताईने प्रश्न विचारला. देवळाच्या विमानाचंही यात देणं आहे. ते बघायचं नसतं तर आम्ही त्या फुलवालीपर्यंत पोचलोच नसतो.

त्याच दुपारी तरंगंबाडीची बस धरली. डेन्मार्कच्या लोकांनी 1620 मध्ये तिथे समुद्रकाठी किल्ला बांधला. सरफोजींचे गुरू श्वार्ट्झही 1750 साली याच बंदरात उतरले. ताईला समुद्र पाहायचा होता. मयिलाडुतुरै मागे पडलं तशी गर्दी ओसरली आणि ताई खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "ते घंगाळ तूच घे. माझ्याकडे ठेवायला जागा नाही."

घरी हे वाक्य ऐकलं असतं तर मी लगेच "छे, तूच घे" म्हटलं असतं आणि आम्ही पुन्हा वर्षभर गप्प राहिलो असतो. पण दोन दिवस मी केळीच्या पानावर जेवले होते. मी कुंभकोणमच्या वाढप्यासारखी तिचा आडवा हात खरा मानला.

"बरं. घेते," म्हणाले.

ताई चमकून वळली. "घेते म्हणजे? तुझ्या बाथरूममध्ये बादली मावत नाही."

"तूच म्हणालीस."

"म्हणाले. पण एकदा तरी नको म्हणायचंस ना!"

"ताई, तुला हवंय का?"

"हवंय," ती म्हणाली. मग आवाज जरा वाढवून, टीव्हीवरच्या गाण्याच्या वरताण, "हवंय! त्यात आईने मला न्हाऊ घातलंय. तू तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हतीस."

"मग घे की. चोळी-बांगडी म्हणून दिलं."

पुढची बाई वळून आमच्याकडे बघू लागली. ताईने डोळे पुसले की घाम, मी पाहिलं नाही. "महाराज कुठल्या!" ती म्हणाली. "धाकटी आहेस तू. धाकट्यांनी रात्री पळून जायचं असतं."

"आणि मला काय?"

"तुला इथल्या लांब हाताच्या फुलवालीकडून दोन मुळम अबोली," ताई म्हणाली. "बंगळूर मागू नकोस म्हणजे झालं."